ज्या बायकांनी आम्हाला बातमी शिकवली, त्यांची नावं तुमच्या दप्तरात लिहा

मराठी दैनिकांचे, साप्ताहिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे मालक, संपादक व व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या पत्रकारितेतल्या पहिल्या गुरूंना एका दैनिकाच्या कार्यालयातून दोन ओळींचं उत्तर आलं. त्यांच्या नावाची नोंद आस्थापनेवर सापडत नाही, त्यामुळे अनुभवाचं प्रमाणपत्र देता येणार नाही, असा त्याचा आशय. त्या दैनिकाची महिला पुरवणी बाईंनी दोन दशकांहून जास्त काळ काढली. विषय ठरवणं, लेखिकांच्या मागे लागणं, मजकूर तपासणं, पान लावून घेणं आणि छपाईला सोडणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. बाई आता सत्तरीत आहेत. राज्य शासनाच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेसाठी त्यांना अर्ज करायचा होता आणि तिथे पत्रकारितेतली वर्षं कागदाने सिद्ध करावी लागतात. तो कागद द्यायला त्यांच्याच कार्यालयाने नकार दिला.

त्या दैनिकाचं नाव मी इथे लिहीत नाही. एका कार्यालयाला धारेवर धरून हा प्रश्न सुटणार नाही. हेच उत्तर आणखी पाच-सहा ठिकाणांहून आलं असतं, हे या धंद्यात वाढलेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे, आणि वाचकांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे, कारण बाईंनी काढलेली पानं त्यांनी वर्षानुवर्षं वाचली आहेत.

मी बार्शीची. आमच्या घरी सकाळच्या चहाला 'सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहे' हा आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरचा आवाज असायचा. बातम्या सांगणं हे बाईचं काम असू शकतं, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. ते रोज कानावर पडत होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पत्रकारिता शिकायला पुण्यात आले आणि शिकता शिकताच त्या दैनिकात उमेदवारी करायला लागले. मला शहर बीट, म्हणजे शहरातल्या बातम्यांचं काम, हवं होतं. मिळाली पुरवणी. ज्या दिवशी मला पुरवणीत पाठवलं, तो दिवस माझ्या आयुष्यातला भाग्याचा होता, हे मी आज जाहीरपणे लिहिते.

बाईंनी पहिले कित्येक आठवडे मला एक ओळ लिहू दिली नाही. वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पुढ्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, 'आधी वाच, मग निवड, मग मला सांग का निवडलंस.' आंतरदेशीय पत्रं, पोस्टकार्डं, वहीच्या फाडलेल्या पानांवर लिहिलेली पत्रं. एक पत्र मी छापण्यासाठी काढलं, नाव बदलून. बाईंनी ते हातात घेतलं आणि गावाच्या नावावर, दिराच्या नोकरीवर, मुलांच्या संख्येवर पेन्सिलीने रेघ मारली. त्या गावात हा अंक जातो आणि सासरचे वाचतात, एवढंच म्हणाल्या. बातमीतल्या माणसाला आपल्या लिहिण्यामुळे उद्या काय भोगावं लागेल, याचा विचार करण्याचा धडा मला पुस्तकातून मिळाला नव्हता. तो त्या पेन्सिलीने दिला.

दुसरा धडा जळिताच्या बातम्यांचा. त्या काळात पोलिसांच्या नोंदीत 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हे वाक्य इतक्या वेळा यायचं, की डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात सोडतात तिथे, ते जसंच्या तसं खाली सोडलं जायचं. बाई पुरवणीच्या होत्या, ती बातमी त्यांची नव्हती. तरी त्या उठून डेस्कवर जायच्या. घरात त्या वेळी कोण होतं? भाजण्याचं प्रमाण किती? मृत्युपूर्व जबाब कुणी घेतला? माहेरच्यांना कधी कळवलं? 'पोलिसांचं म्हणणं पोलिसांच्या तोंडी ठेवा, ते आपलं म्हणून छापू नका,' हे वाक्य मी त्यांच्याकडून एवढ्या वेळा ऐकलं की आज नवीन मुलामुलींना शिकवताना माझ्या तोंडून त्यांच्याच आवाजात निघतं. पुण्यात १९८२ नंतर नारी समता मंचाने 'मी एक मंजुश्री' हे विवाहितांच्या मृत्यूंवरचं प्रदर्शन घेऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा बाई त्यात होत्या. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं. कायदा आला म्हणून बातमी आपोआप बदलत नाही, ती कुणीतरी डेस्कवर उभं राहून बदलावी लागते. ते काम बाईंनी केलं, आणि त्यासाठी त्यांना कुठलंही पद नव्हतं.

तानूबाई बिर्जे हे नावही मला त्यांनीच सांगितलं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं 'दीनबंधु' पुढे वासुदेवराव बिर्जे चालवत होते. त्यांच्या निधनानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तानूबाईंनी संपादकपद हाती घेतलं आणि बहुजन समाजाचं ते पत्र चालवलं. बाई त्यांच्याबद्दल घरातल्या कुणा मोठ्या माणसाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. विद्या बाळांबद्दलही. किर्लोस्करांच्या १९३० पासूनच्या 'स्त्री' मासिकाचं संपादन करून, १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' काढणाऱ्या विद्याताईंनी किती जणींना लिहितं केलं, याची मोजदाद कुणाकडे नाही. वसुंधरा पेंडसे-नाईक 'नवशक्ति'च्या संपादक होत्या, हेही आम्हा मुलींना बाईंनी आवर्जून सांगितलं, कारण संपादकाच्या खुर्चीत बाई बसलेली आमच्या कार्यालयात आम्ही पाहिली नव्हती.

आता या बाईंचा पगार कसा निघायचा ते सांगते. दर महिन्याला व्हाउचरवर, 'मानधन' म्हणून. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्यांची सही नसायची. नेमणुकीचं पत्र नव्हतं, भविष्य निर्वाह निधी नव्हता, रजा नव्हती. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता, पुढे मजिठिया वेतन मंडळाची शिफारस २०११ मध्ये अधिसूचित झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती उचलून धरली. यातलं काहीही बाईंपर्यंत पोचलं नाही, कारण कागदोपत्री त्या श्रमिक पत्रकार नव्हत्याच. अंकावर संपादक म्हणून दुसऱ्याचं नाव जायचं. ते कायद्याप्रमाणे होतं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पुरवणीच्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरात तरी बाईंचं नाव यायला हरकत काय होती? वर्षानुवर्षं ते आलं नाही. आणि आज तेच नाव न छापण्याचा पुरावा करून त्यांना सांगितलं जातं की तुम्ही इथे नव्हता.

माझी दुसरी गुरू लातूरची. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. बदलीने मराठवाड्यात गेले तेव्हा ती तालुक्यातून बातम्या पाठवणारी वार्ताहर होती, छापून आलेल्या बातमीमागे पैसे मिळणारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्या दिवसापासून ती त्या गावांत फिरत होती. मोठी वृत्तपत्रं गेली, वाहिन्या गेल्या, मदतीचे ट्रक थांबले, तरी तिचं जाणं सुरू होतं. तिच्याबरोबर पहिल्यांदा पुनर्वसित गावात गेले तेव्हा मी सरपंचाशी बोलले, ग्रामसेवकाशी बोलले, वही भरली. परतताना एसटीत तिने विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलंस का? विधवा बाईच्या वाट्याला काय आलं? पत्र्याच्या शेडमध्ये होत्या तेव्हा बायका आंघोळीला कुठे जायच्या? मी गप्प होते. 'बघ,' ती म्हणाली, 'सरपंच पारावर भेटतो. बाई हापशावर भेटते. बातमी दोन्हीकडं असती.' आम्ही पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि परत गेलो.

जनगणनेचे तक्ते वाचायला मला तिने शिकवलं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, तेव्हा हा आकडा एकदम आभाळातून पडल्यासारखं सगळे लिहायला लागले. अक्का त्याच्या किती तरी आधीपासून सोनोग्राफीच्या पाट्या मोजत होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशात सगळ्यांत आधी; मग तालुक्यातल्या किती केंद्रांची तपासणी झाली, हे ती तहसील आणि आरोग्य खात्यात जाऊन विचारायची. तिच्या बातम्या आतल्या पानावर दोन कॉलमांत यायच्या. बऱ्याच वेळा तिच्या नावाशिवाय.

आणि दर दिवाळी अंकाला, दर वर्धापनदिनाला तिला जाहिरातींचं टार्गेट असायचं. ज्या डॉक्टरच्या केंद्राची चौकशी करायची, त्याच्याच दारात जाहिरात मागायला जायचं. तिने ते नाकारलं. मग तिच्या बातम्या कमी लागायला लागल्या आणि एक दिवस तिच्या तालुक्याला दुसरा वार्ताहर नेमला गेला. तिला कुणी काढलं नाही, कारण काढायला तिला कधी घेतलेलंच नव्हतं. ही माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे. ग्रामीण वार्ताहराला पत्रकार म्हणून वापरायचं आणि विक्री प्रतिनिधी म्हणून जोखायचं, यात पुरुष वार्ताहरांचंही नुकसान होतं, हे मला मान्य आहे. पण गावात एकटीने फिरणाऱ्या बाईला वसुलीसाठी दारोदार पाठवणं म्हणजे काय, याचा आपल्यापैकी कुणी विचार केला आहे का?

तिसऱ्या गुरू मुंबईतल्या एका वाहिनीच्या रनडाउनवर होत्या, म्हणजे बातम्यांचा क्रम लावायच्या. त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांना स्वतःबद्दल लिहिलेलं आवडणार नाही. २२ ऑगस्ट २०१३ ला बंद पडलेल्या शक्ती मिलमध्ये कामावर गेलेल्या एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. दुसऱ्या दिवशी अनेक कार्यालयांत एकच सूर निघाला, मुलींना आता बाहेर पाठवायला नको. आमच्याकडेही निघाला. त्या बैठकीत या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मुलींना पाठवणं बंद करणार असाल तर माझं नाव आधी कमी करा. गाडी द्या, सोबत द्या, जागेची आधी माहिती घ्या, पण काम काढून घेऊ नका. दुसरं त्यांनी त्या दिवशी केलं ते जास्त महत्त्वाचं होतं. पीडितेची ओळख पटेल असा एकही तपशील, कार्यालयाचं नाव किंवा घराची गल्ली, पडद्यावर जाणार नाही यासाठी त्या रात्री उशिरापर्यंत प्रत्येक पट्टी स्वतः वाचत बसल्या. पुण्यात बाईंनी पेन्सिलीने जे केलं होतं, तेच. या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

या तिघींचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी मानते. पण नुसते मानून भागत नाही, म्हणून आपल्यापुढे तक्रारी मांडते आहे. नोंदी नसण्याची आणि जाहिरातींची वर सांगून झाली. आणखी काही आहेत.

पुरवण्या बंद होण्याची एक. २०२० च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांची पानं घटली, तेव्हा महिला पुरवण्या आणि महिला पानं पहिल्या फटक्यात गेली. कागद महागला, जाहिराती आटल्या, वितरण थांबलं, हे सगळं खरं आहे आणि त्या काळात अनेकांचे पगार कापले गेले. पण परिस्थिती सावरल्यावर वाहन, घरबांधणी, शिक्षण या पुरवण्या परत आल्या. महिलांची पानं बहुतेक ठिकाणी परत आली नाहीत, किंवा आली ती सौंदर्यप्रसाधनांच्या मजकुराने भरून. त्या पानांवर रुखवत आणि लोणचीही असायची, मला त्याची लाज वाटत नाही. पण त्याच पानांवर पोटगी, गर्भपात, विधवेचा वारसाहक्क, पंचायतीतल्या आरक्षित जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाईचा झेंड्याचा मान हे विषयही पहिल्यांदा आले. शिवाय बार्शीसारख्या गावातून आलेल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलीला कार्यालयात शिरायचं ते एक दार होतं. ते बंद करताना दुसरं उघडलं का, एवढंच मला विचारायचं आहे.

जुन्या अंकांची गोष्ट त्याहून वाईट आहे. आपल्यापैकी काहींनी जुने अंक संगणकावर घेतले, हे मोठं काम झालं. माझ्या पाहण्यात मात्र मुख्य अंक आहेत आणि पुरवण्या गाळल्या आहेत. संकेतस्थळ बदललं की जुन्या लेखांवरची नावं जातात आणि तिथे 'ऑनलाइन टीम' येतं. उद्या कुणी मराठी पत्रकारितेचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला या बायका सापडणार नाहीत. तानूबाईंसारखीच आणखी शंभर वर्षांनी कुणीतरी त्यांची शोधाशोध करावी, असं आपल्याला वाटतं का?

अंतर्गत समितीबद्दल. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्या तरी सदस्य महिला हव्यात, बाहेरचा एक सदस्य हवा. कंत्राटी, हंगामी, शिकाऊ अशा सगळ्यांना तो लागू आहे. मी काम केलेल्या एका जिल्हा कार्यालयात समितीची पाटी होती आणि तिच्यावरच्या अध्यक्षबाई नोकरी सोडून गेलेल्या होत्या. आम्हा मुलींची समिती म्हणजे अक्का होती. कुणाची वागणूक बरी नाही, कुणाबरोबर रात्रीच्या सभेला जाऊ नये, हे ती नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायची. तिने हे करावं लागणं हा आपल्या व्यवस्थेवरचा ठपका आहे.

आणि ८ मार्चला आपण कर्तबगार महिलांचे सत्कार करता, ते चांगलंच आहे. त्या यादीत आपल्याच कार्यालयात पुरवणी काढणारी, प्रुफं तपासणारी, तालुक्यातून बातमी पाठवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्यांना आपण नेमणुकीचं पत्र दिलं नाही, त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र छापील अंकांच्या, व्हाउचरच्या आणि दोन जुन्या सहकाऱ्यांच्या लेखी निवेदनाच्या आधारे द्या. मस्टरवर सही नाही हे कारण चालणार नाही, कारण मस्टर आपल्या हातात होतं. याला एक पैसा खर्च नाही. शासनाने आणि पत्रकार संघटनांनीही असा पुरावा ग्राह्य धरावा, यासाठी आपण स्वतः पत्र द्या.

आज जी मुलगी किंवा बाई पान सांभाळते, तिचं नाव त्या पानावर छापा आणि तिला नेमणुकीचं पत्र द्या. तालुका वार्ताहरांचं जाहिरातीचं टार्गेट बंद करा. ते काम जाहिरात विभागाचं आहे. जुन्या पुरवण्याही संगणकावर घ्या, नावांसकट. समितीच्या सदस्यांची चालू नावं आणि फोन प्रत्येक जिल्हा कार्यालयात लावा, आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतली स्थानिक समिती कुठे आहे ते लिहा.

शेवटची मागणी पैशांची आहे. नव्या मुलामुलींना शिकवण्याचं काम प्रत्येक कार्यालयात कुणीतरी ज्येष्ठ बाई आपलं काम सांभाळून, न मागता, फुकट करत असते. त्याला जबाबदारी म्हणून मान्यता द्या, त्यासाठी वेळ द्या आणि त्याचा मोबदला द्या. मी या तिघींकडून जे घेतलं त्याची किंमत त्यांना कुणी दिली नाही. पुढच्या पिढीने ते तसंच घेऊ नये.

६ जानेवारीला, 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या स्मरणार्थ आपण पत्रकार दिन साजरा करता. त्याआधी या पत्राला उत्तर मिळावं, अशी अपेक्षा आहे. बाईंच्या घरी प्रत्येक पुरवणीची एक प्रत, वर्षवार बांधून ठेवलेली आहे. लेखिकांना त्यांनी लिहिलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती आहेत, काही व्हाउचरंही आहेत. ज्या कार्यालयाला नोंद सापडत नाही, त्यांनी आपला माणूस पाठवावा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही सगळ्याजणी त्या दिवशी तिथे हजर राहू आणि एकेक अंक काढून दाखवू.

कळावे,

आपली,
पुरवणीत शिकलेली एक पत्रकार